बाय-कलर टूरमॅलिन: एका खड्यात दोन रंग कसे येतात, आणि फोनच्या स्क्रीनवर तो कसा तपासायचा?

रील्स स्क्रोल करताना तुम्ही हा खडा नक्की पाहिला असेल. पेन्सिलीच्या तुकड्याएवढा लांबट स्फटिक, एक टोक गुलाबी, दुसरं हिरवं, आणि मधे दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले. कुणीतरी तो चिमट्यात धरून टॉर्चसमोर फिरवतोय आणि खाली लिहिलेलं असतं, ‘नॅचरल बाय-कलर टूरमॅलिन, किमतीसाठी मेसेज करा’. पहिली शंका हीच येते, की हे रंग खरे असतील का?

याची दोन उत्तरं आहेत. निसर्गात असे दोन रंगांचे, कधीकधी तीन-चार रंगांचेही टूरमॅलिन स्फटिक खरोखर तयार होतात. त्यात काही बनावट नाही. पण तुमच्या स्क्रीनवर जो तुकडा दिसतोय, तो टूरमॅलिनच आहे याची खात्री व्हिडिओ बघून कुणीच देऊ शकत नाही. मात्र तो तुकडा हातात आला की तुमच्याच फोनची स्क्रीन त्याच्याबद्दल बरंच काही सांगते. ते कसं, हे या लेखात सविस्तर पाहू.

टूरमॅलिन म्हणजे नेमकं काय?

टूरमॅलिन हे एका खनिजाचं नाव नसून एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे. सगळ्यांत बोरॉन, सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन असतात. बाकीच्या जागा कधी लोह, कधी मॅग्नेशियम, कधी लिथियम भरतं, आणि त्याप्रमाणे नाव बदलतं. लोहवालं काळंकुट्ट असतं, त्याला शोर्ल म्हणतात. गुलाबी-हिरवं दोनरंगी टूरमॅलिन बहुतेक वेळा लिथियमवालं असतं. त्याचं नाव एल्बाइट. इटलीच्या एल्बा बेटावरून १९१३ मध्ये ते नाव दिलं गेलं. हो, लिथियम म्हणजे तेच, जे आत्ता तुमच्या हातातल्या फोनच्या बॅटरीत आहे. ज्या प्रकारच्या खडकांत एल्बाइट सापडतं, तशाच खडकांतून जगातलं बरंचसं बॅटरीचं लिथियमही काढलं जातं.

‘टूरमॅलिन’ हा शब्द सिंहली भाषेतल्या ‘तोरमल्ली’वरून आला. आपल्याकडच्या बाजारात जुने लोक त्याला तुरमली म्हणतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून हे खडे हॉलंडला नेले, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की गरम केलेला खडा राख ओढून घेतो. डच लोकांनी त्याला ‘राख ओढणारा’ असंच नाव ठेवलं. कारण असं, की टूरमॅलिनच्या स्फटिकाची दोन टोकं आतून सारखी नसतात. तापमान बदललं की एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण विद्युतभार येतो. १८८० मध्ये पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी दाखवलं की दाब दिला तरी असंच होतं. त्यांनी ज्या स्फटिकांवर प्रयोग केले त्यांत टूरमॅलिनही होतं आणि क्वार्ट्झही. फोनच्या आत वेळ मोजणारा जो चिमुकला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, तो याच गुणधर्मावर चालतो. (घरी टूरमॅलिन गरम करून राख ओढते का ते बघायच्या भानगडीत पडू नका. का ते पुढे येईलच.)

या सगळ्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा: टूरमॅलिनला दिशा असते. लांबीच्या दिशेने तो एक वागतो, आडव्या दिशेने दुसरं. काचेला अशी दिशा नसते. आपली पुढची सगळी तपासणी यावरच आहे.

दोन रंग कुठून येतात?

जमिनीखाली खोलवर ग्रॅनाइटचा रस हळूहळू थंड होत असतो. आधी नेहमीची खनिजं घट्ट होतात. ज्या मूलद्रव्यांना त्यांच्यात जागा मिळत नाही, म्हणजे बोरॉन, लिथियम, मँगनीज वगैरे, ती शेवटच्या पाणीदार रसात साठत जातात. हा उरलेला रस थंड होऊन जो खडक बनतो तो पेग्मॅटाइट. त्यात कधीकधी पोकळ्या राहतात आणि त्या पोकळीच्या भिंतीवर टूरमॅलिन उगवायला लागतं. बूड भिंतीला चिकटलेलं आणि टोक आत, मोकळ्या जागेत.

स्फटिक वाढतो तसा भोवतालचा रस बदलत जातो. सुरुवातीला त्यात लोह असतं, म्हणून बुडाचा भाग काळा किंवा हिरवा होतो. वाढणारा स्फटिक लोह खात जातो आणि ते संपत येतं. मग मँगनीजची पाळी येते आणि पुढचा भाग गुलाबी होतो. म्हणजे बाय-कलर स्फटिक हा एक प्रकारचा टाइमलॅप्स आहे. एका टोकाला जुना काळ, दुसऱ्या टोकाला नवा.

उलटंही होतं. गुलाबी स्फटिक तयार झाल्यावर पोकळीला तडा जातो, आजूबाजूच्या खडकातलं लोह पुन्हा रसात येतं आणि गुलाबी गाभ्यावर हिरवं साल चढतं. असा स्फटिक आडवा कापला की आत लाल-गुलाबी, बाहेर हिरवं. त्याला सगळीकडे वॉटरमेलन टूरमॅलिन म्हणतात, म्हणजे आपलं कलिंगड. मादागास्करच्या काही टूरमॅलिनमध्ये तर आडव्या कापात त्रिकोणात त्रिकोण अशी रांगोळी दिसते. त्या प्रकाराला १९७७ मध्ये लिडिकोटाइट हे वेगळं नाव मिळालं.

गुलाबी रंगाची गोष्ट आणखी मजेशीर आहे. मँगनीज स्फटिकात शिरतं तेव्हा ते जवळजवळ बिनरंगी असतं. आजूबाजूच्या खडकातून निघणारे गॅमा किरण लाखो वर्षं त्याच्यावर पडत राहतात, मँगनीजच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि मग गुलाबी रंग दिसायला लागतो. म्हणजे हा रंग थेट रसातून आलेला नसतो, तो किरणांनी मागाहून चढवलेला असतो. हे काम माणूसही करू शकतो. त्याबद्दल खाली बोलूच.

मुंबईत, महाराष्ट्रात सापडतो का?

मी गोवंडीत राहतो. घरातून ट्रॉम्बेची टेकडी दिसते. ती टेकडी, कुर्ल्या-कांदिवलीच्या जुन्या खाणी, पुण्या-नाशिकचे डोंगर, हा सगळा बेसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. या लाव्हातल्या बुडबुड्यांच्या जागी फार सुंदर स्फटिक तयार झाले: स्टिलबाइट, ॲपोफिलाइट, कांदिवलीच्या खाणीतलं प्रेहनाइट, वाघोलीचं गडद निळं कॅव्हनसाइट. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, तिथे हे सगळं एका छताखाली बघायला मिळतं. एकदा जाऊनच या.

पण या लाव्हात रंगीत टूरमॅलिन नाही. त्याला लागतो तो ग्रॅनाइटचा शेवटचा रस इथे नव्हताच. विदर्भात भंडाऱ्याकडच्या फार जुन्या खडकांत कायनाइटच्या सोबतीने टूरमॅलिन आढळतं, पण ते या रत्नांसारखं नाही. त्यामुळे कुणी ‘आमच्या नाशिकच्या खाणीतलं ओरिजिनल बाय-कलर’ म्हणाला, की तिथेच पुढे स्क्रोल करा.

भारतात टूरमॅलिन मिळालेलं आहे ते झारखंडच्या अभ्रकाच्या पट्ट्यात, ओडिशाच्या पेग्मॅटाइटमध्ये, काश्मीरच्या पाडर भागात. बाजारात दिसणारे बाय-कलर स्फटिक मात्र मुख्यतः बाहेरचे असतात. ब्राझीलचं मिनास जेराइस, अफगाणिस्तानचं नूरिस्तान, पाकव्याप्त गिलगिट-बाल्टिस्तानमधला स्टाक नाला, मोझांबिक, नायजेरिया, काँगो. तिथून रफ माल जयपूरला जातो. रंगीत खड्यांना पैलू पाडण्याचं आपलं सगळ्यात मोठं केंद्र तेच. मुंबईत हा माल बघायचा तर झवेरी बाजार. गोवंडीहून हार्बर लाइनने मस्जिदला उतरलं की चालत पोहोचता येतं.

फोटो आणि व्हिडिओ का फसवतात?

विक्रेता प्रामाणिक असला तरी फोन प्रामाणिक नसतो. कॅमेरा आपोआप व्हाइट बॅलन्स ठरवतो, एचडीआर सावल्या उजळतो, काही फोन तर रंग मुद्दाम भडक करतात. त्यात खड्याच्या मागून टॉर्च मारली, की जवळजवळ काळा असलेला हिरवा खडाही पाचूसारखा चमकतो. टॉर्च काढली की तोच खडा अंगठीत काळपट दिसतो. रील्समधला ‘वाव’ बहुतेक वेळा टॉर्चचा असतो.

म्हणून विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे एकच साधा व्हिडिओ मागा. खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवलेला खडा, शेजारी दहा रुपयांचं नाणं, मागून टॉर्च नाही, कट नाही, आणि खडा हळूहळू पूर्ण फिरवलेला. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून खड्याचा आकार कळतो. कागद पिवळट किंवा निळसर दिसला तर खड्याचा रंगही तितकाच सरकलेला आहे हे समजून घ्या. असा व्हिडिओ द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

स्क्रीनची टेस्ट

आता मुख्य गोष्ट. एलसीडी स्क्रीनमधून बाहेर येणारा प्रकाश पोलराइज्ड असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत असतात. साध्या बल्बच्या प्रकाशात ती सगळ्या दिशांना असतात. बऱ्याच ओएलईडी फोनवरही वरच्या थरात पोलरायझर असतो, त्यामुळे तिथेही चालतं. तुमच्या फोनवर चालतं का, हे बघायला पोलराइज्ड गॉगल स्क्रीनसमोर धरून फिरवा. एका कोनात स्क्रीन काळी पडली तर काम झालं. काही फोनवर वरून आणखी एक फिल्म असते, त्यावर स्क्रीन काळी पडत नाही. मग लॅपटॉप किंवा जुना एलसीडी मॉनिटर घ्या. गॉगल नसेल तर थ्रीडी सिनेमाचा चष्मा उलटा धरून बघा, म्हणजे डोळ्याकडची बाजू स्क्रीनकडे.

गॉगल फक्त स्क्रीन तपासायला. खऱ्या टेस्टला तो लागतच नाही. स्क्रीनवर पूर्ण पांढरी इमेज उघडा, ब्राइटनेस फुल्ल करा, खोलीतला दिवा बंद करा. खडा स्क्रीनवर आडवा ठेवा. टूरमॅलिनच्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात, त्या रेघांवरून लांबीची दिशा ओळखता येते. आता वरून बघत बघत खडा हळूहळू पाव वळसा फिरवा.

टूरमॅलिन असेल तर रंग बदलतो. स्क्रीनच्या प्रकाशाची कंपनं खड्याच्या लांबीच्या दिशेने असली की तो उजळ दिसतो, आडवी असली की गडद. हिरवा भाग पोपटीवरून बाटलीच्या हिरव्यावर जातो, गुलाबी भाग फिकटवरून गडद होतो. पुन्हा पाव वळसा फिरवला की परत उजळ. गडद हिरव्या टोकात हा फरक इतका ठळक असतो की पहिल्यांदा बघताना स्क्रीनचा ब्राइटनेस आपोआप कमी झाला असं वाटतं. (ऑटो ब्राइटनेस बंद ठेवा, नाहीतर खरंच तसं होईल.)

काच कितीही फिरवा, तिचा रंग तसाच राहतो. लॅबमध्ये बनवलेल्या स्पिनेलचंही तेच. कारण या दोघांना दिशाच नाही. या गुणाचा उपयोग पूर्वी इतका होता, की चष्म्याच्या दुकानात भिंगं तपासायला टूरमॅलिनच्या दोन पातळ चकत्या बसवलेला चिमटा वापरत. तुम्ही जे करताय ते तेच आहे, एका चकतीच्या जागी तुमची स्क्रीन आहे इतकंच.

मर्यादा सांगायला हवी. खडा फारच फिका असेल तर बदल दिसणं कठीण. फारच गडद असेल तर प्रकाशच आरपार जात नाही. आणि पैलू पाडलेला खडा अंगठीत बसवलेला असेल तर मागून प्रकाश येणार नाही, मग ही टेस्ट विसरा.

दुसरी टेस्ट: पाणी आणि छोटा काटा

रंग बदलला म्हणजे काच नाही, एवढं कळलं. पण तो टूरमॅलिनच आहे का? इथे घनता कामाला येते. टूरमॅलिनची घनता साधारण ३.०५ च्या आसपास, क्वार्ट्झची २.६५, साध्या काचेची २.५ च्या जवळ. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला डिजिटल काटा ऑनलाइन सहज मिळतो.

आधी कोरडा खडा तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा कप ठेवून आकडा शून्य करा. खड्याला शिलाईचा बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला लागणार नाही असा धरा. काटा जो आकडा दाखवेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. समजा खडा ६.१२ ग्रॅमचा आणि पाण्यात आकडा २.०० आला, तर घनता ३.०६. बरोब्बर. खड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकून टाका, नाहीतर आकडा चुकतो. एक ग्रॅमपेक्षा लहान खड्याला हा काटा पुरेसा नाही, थोड्या चुकीनेही उत्तर बरंच हलतं.

शिशाच्या काचेची घनता तीनच्या वरही जाऊ शकते. म्हणून दोन्ही टेस्ट करायच्या, आणि आधी स्क्रीनची.

एका लॉटची गोष्ट

माझा एक मित्र बैगनवाडीत जरीच्या कारखान्यात काम करतो. रंगांची त्याला उपजत जाण आहे. रंगीत खड्यांचा छोटा धंदा सुरू करायचा म्हणून त्याने लाइव्ह सेलमध्ये बाय-कलर रफचा अकरा नगांचा लॉट घेतला. नऊ हजार रुपये, यूपीआयने, सरळ त्या माणसाच्या नंबरवर. त्याच्या दृष्टीने ती जवळजवळ महिन्याभराची बचत होती.

आम्ही अकराही तुकडे लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनवर फिरवले. पाच बदलले, सहा ढिम्म. त्या सहांची घनता अडीचच्या आसपास आली आणि मॅक्रो मोडमध्ये गोल गोल बुडबुडे दिसले. काच. दोन रंगांची काच वितळवून जोडलेली, आणि वरून रेघा घासून खरबरीत केलेली. रेघांकडे नीट पाहिलं तर फरक कळतो: टूरमॅलिनच्या रेघा स्फटिकाबरोबरच वाढलेल्या असतात, सरळ, एकमेकींना समांतर, बाजूंवर चमकदार. आणि आडवा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा. काचेवरच्या रेघा सॅंडपेपरच्या, कुठेही कशाही.

उरलेल्या पाचांतला सगळ्यात सुंदर तुकडा, गुलाबी टोकाचा, थोडा संशयास्पद वाटला. नोटा तपासायला दुकानदार वापरतात ती जांभळी यूव्ही टॉर्च मारली, तर बरोबर दोन रंगांच्या मधे एक निळसर-पांढरी रेघ चमकली. गोंद. दोन वेगळे तुटके स्फटिक जोडून बाय-कलर केलेला होता. दोन्ही भाग खरे, पण स्फटिक खोटा. खाणीतून काढताना तुटलेला स्फटिक परत जोडणं हे गोळा करणाऱ्यांच्या जगात चालतं, पण ते सांगून विकायचं असतं. न सांगता विकलं तर फसवणूक.

विक्रेत्याने नंबर ब्लॉक केला. मित्राने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. दुकान किंवा नोंदणीकृत वेबसाइटकडून घेतलं असतं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचाही मार्ग होता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा विक्रेत्याला आपली माहिती आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावंच लागतं. लाइव्हमधल्या अनोळखी नंबरमागे कोण आहे हेच कळत नाही, अडचण तिथे आहे.

खरा, पण रंग दिलेला?

टूरमॅलिनबाबत एक दिलासा आहे. दागिन्याच्या आकाराचं टूरमॅलिन लॅबमध्ये बनवून कुणी बाजारात विकत नाही. त्यामुळे ‘लॅब-ग्रोन टूरमॅलिन’ असं लिहिलेलं दिसलं तर ते दुसरंच काहीतरी असतं. पण खऱ्या टूरमॅलिनवर प्रक्रिया होतात. भेगांमध्ये तेल किंवा राळ भरतात, म्हणजे खडा स्वच्छ दिसतो. भट्टीत तापवून गडद हिरवा उजळ करतात. आणि गॅमा किरण देऊन फिकट भाग गुलाबी करतात.

हे शेवटचं ऐकून घाबरू नका. १९७४ पासून ट्रॉम्बेला, म्हणजे आमच्या घराच्या पलीकडेच, आयसोमेड नावाचा गॅमा प्लँट आहे. तिथे कोबाल्ट-६० च्या किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक होतं. ते साहित्य रेडिओॲक्टिव्ह होत नाही. गॅमा किरण दिलेला खडाही होत नाही. प्रश्न वेगळाच आहे: जमिनीखाली लाखो वर्षांत जे झालं तेच प्लँटमध्ये थोड्या वेळात होतं, त्यामुळे हा गुलाबी रंग निसर्गाचा की माणसाचा हे लॅबलाही सांगता येत नाही. म्हणून ‘शंभर टक्के अनट्रीटेड गुलाबी, लेखी गॅरंटी’ या वाक्याला मी फारशी किंमत देत नाही. रंग आवडला तर घ्या, त्या वाक्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

पैलू पाडायचे की स्फटिक तसाच ठेवायचा?

मित्राकडे चार खरे तुकडे उरले. त्यातला एक, साधारण तीन सेंटिमीटरचा, हिरव्याकडून गुलाबीकडे जाणारा, तो घेऊन आम्ही झवेरी बाजारात एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी तो आधी लांबीच्या बाजूने उजेडात धरला, मग टोकाकडून. टोकाकडून बघितल्यावर हिरवा भाग जवळजवळ काळा दिसला. स्क्रीनवर जे बघितलं त्याचंच हे दुसरं रूप. टूरमॅलिन लांबीच्या दिशेने बघितलं की फार गडद दिसतं. खडा चुकीच्या बाजूने कापला, तर ती काळोखी वरून दिसायला लागते.

म्हणून बाय-कलर खडा बहुतेक वेळा लांबट चौकोनी कापतात, एमराल्ड कट. वरचा सपाट पैलू स्फटिकाच्या लांबीला समांतर ठेवतात आणि दोन टोकांचे पैलू खूप उभे पाडतात, म्हणजे टोकाचा काळेपणा आत शिरत नाही. रंगांची सीमा शक्यतो मध्यावर आणतात. हे सगळं सांभाळताना रफच्या वजनातला बराचसा भाग घासला जातो. चौथा-पाचवा हिस्सा हातात राहिला तरी वाईट नाही म्हणायचं.

आणि धोका असतो तो रंगांच्या सीमेवरच. दोन्ही बाजूंची रासायनिक रचना वेगळी असल्यामुळे तिथे ताण साठलेला असतो. शिवाय आत द्रवाच्या बारीक नळ्या असतात. खडा लाखेवर बसवताना किंवा चाकावर घासताना गरम झाला की नेमका तिथे तडकतो. एका खड्याचे दोन होतात, एक गुलाबी, एक हिरवा, आणि ‘बाय-कलर’ची किंमत गेली. घरी गरम करू नका म्हटलं ते याचसाठी. टूरमॅलिनचा दागिना वाफेने किंवा अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुऊ नका, कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरे. कठिणपणा ७ ते ७.५ आहे, म्हणजे रोजच्या वापराला ठीक, पण हिऱ्यासारखा बिनधास्त नाही.

त्या कारागिरांचं मत होतं की हा तुकडा कापू नका. टोक शाबूत आहे, रेघा स्वच्छ आहेत, सीमा ठळक आहे. कापल्यावर एक मध्यम खडा मिळेल, न कापता एक चांगला स्फटिक आहेच. मला ते पटलं. ज्याची टोकं तुटलेली आहेत पण आतून काच दिसावी इतका स्वच्छ आहे, तो कापायला द्यावा. ज्याचा आकार पूर्ण आहे पण आत भेगा आहेत, तो गोळा करणाऱ्यांसाठी. मित्राने तो ठेवलाय, कापसात गुंडाळून, डबीत.

टूरमॅलिनचा अँटी-रेडिएशन स्टिकर?

टेक साइट आहे म्हणून हेही सांगतो, कारण याबद्दल विचारणा होते. फोनच्या मागे लावायचे ‘टूरमॅलिन निगेटिव्ह आयन’ स्टिकर मिळतात. ते मोबाइलचं रेडिएशन शोषतात असा दावा असतो. टूरमॅलिनवर भार येतो तो तापमान किंवा दाब बदलला तर, आणि तोही अगदी किंचित. अँटेनाच्या लहरींशी त्याचा संबंध नाही. एखाद्या स्टिकरने लहरी खरंच अडवल्या तर टॉवरशी बोलायला फोन उलट जास्त पॉवर वापरेल. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेने अशाच ‘संरक्षण’ देणाऱ्या दहा वस्तू वापरू नका असा इशारा दिला होता. त्यांतून स्वतःच हानिकारक किरणोत्सर्ग होत होता. तेव्हा स्टिकर नको.

लॅब रिपोर्ट कधी घ्यावा?

दोन-तीन हजारांच्या स्फटिकाला रिपोर्ट घेणं परवडत नाही, वरच्या दोन टेस्ट पुरेत. रक्कम मोठी असेल तर रिपोर्टशिवाय घेऊ नका. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया १९७१ पासून आहे, जीआयएची लॅब आहे, जयपूरलाही रत्नं तपासणारी लॅब आहे. विक्रेत्याने रिपोर्ट दाखवला तर त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका, तो कुठल्याही नकली पेजवर नेऊ शकतो. लॅबच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे रिपोर्ट नंबर घाला, आणि त्यातलं वजन व मापं हातातल्या खड्याशी जुळतात का बघा. रिपोर्टमध्ये ‘टूरमॅलिन’ हा शब्द आणि प्रक्रियेबद्दलची नोंद, या दोन ओळी आधी वाचा. खाणीच्या देशाचं नाव नंतर.

पार्सल आल्यावर ते फोडण्याआधीपासून व्हिडिओ सुरू करा, लेबलसकट, एकाच शॉटमध्ये. आणि त्याच शॉटमध्ये खडा पांढऱ्या स्क्रीनवर ठेवून एकदा फिरवा.